दोलकाचा प्रयोग: उत्तर फळ्यावर लिहिण्याआधी काय काय करायचं

पहिल्यांदा मी हा प्रयोग नववीला दिला तेव्हा तास सुरू होतानाच झोक्याच्या वेळावरून गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) काढायचं सूत्र फळ्यावर लिहिलं आणि खाली ‘अपेक्षित उत्तर ९.८’ असंही लिहून टाकलं. आठ गट होते. आठही गटांचं उत्तर ९.८ आलं. त्यातल्या एका गटाचा दोरा मधेच तुटला होता आणि नट बाकाखाली हरवला होता, तरी त्यांचंही ९.८ आलं.

मुलं लबाड नव्हती. उत्तर मीच आधी सांगितलं होतं, त्यांनी ते परत केलं.

दोरा, नट आणि मोबाइलचं घड्याळ एवढ्यावर होणारा हा प्रयोग वर्गात फसतो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. म्हणून खाली सगळं क्रमानेच दिलं आहे. सातवी-आठवीला टप्पा ९ पर्यंत जावं. दहावा टप्पा नववी-दहावीसाठी आहे.

शब्दांबद्दल एक सूचना. पुस्तकात ‘दोलक’ आणि ‘दोलन’ असतं, घरच्या जुन्या घड्याळात ‘लंबक’ असतो आणि मुलांच्या तोंडी ‘झोका’. पहिल्या तासाला झोकाच म्हणू द्या. ‘दोलनकाल’, म्हणजे एका झोक्याला लागणारा वेळ, हा शब्द मुलांनी तो मोजल्यानंतरच त्यांना सांगावा.

## टप्पा १: दोन दिवस आधी घरी स्वतः करून पाहा

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो. ‘इतकी वर्षं शिकवतोय, दोलकात काय करून बघायचं?’ असं वाटतं. पण जो दोरा, जो नट आणि जे घड्याळ वर्गात वापरणार आहात त्यावरच एकदा करा. १०० सेंटिमीटर लांबीला २० झोक्यांचा वेळ साधारण ४० सेकंद यायला हवा. ३९.५ ते ४०.७ च्या दरम्यान आला तर सामान ठीक आहे. ३८ किंवा ४२ आला तर गडबड तुमच्या मोजणीत आहे आणि ती वर्गात आठपट होऊन येईल.

ही संख्या स्वतःपुरती ठेवा. वर्गात नेऊ नका, टाचणवहीच्या उघड्या पानावर तर मुळीच नको. पहिल्या बाकावरच्या मुलांना उलटं वाचता येतं.

## टप्पा २: साहित्य

एका गटाला (पाच मुलं) लागणारं सामान:

- शिवणाचा जाड दोरा किंवा तंगूस, दीड मीटर
- सारख्या मापाचे चार लोखंडी नट. सायकलच्या किंवा गॅरेजच्या दुकानात सुटे मिळतात
- कागदाला लावायची तारेची क्लिप, एक
- आइस्क्रीमच्या दोन काड्या आणि त्या घट्ट धरायला काळी चिमटा-क्लिप
- मीटरपट्टी किंवा शिंप्याची टेप
- सेकंदाचा दशांश दाखवणारं घड्याळ, मोबाइल चालतो
- खडू

लोकरीचा धागा नको, तो ताणला जातो. सुतळी नको, तिला पीळ असतो आणि नट झुलताझुलता स्वतःभोवती फिरायला लागतो. गोट्या दिसायला छान, पण त्यांना दोरा बांधण्यात अर्धा तास जातो. गावात गवंडीकाम करणारं कोणी असेल तर एक ओळंबा उसना आणा. वर्गासमोर दाखवायला त्याच्याइतका चांगला दोलक नाही, आणि ‘हा तर माझ्या बाबांकडे आहे’ म्हणणारं एखादं मूल त्या दिवशी वर्गाचं गुरुजी होतं.

सावधान: दगड, वजनमापं किंवा पाण्याने भरलेल्या बाटल्या टांगू नका. दोरा तुटणार हे धरून चाला. १०० ग्रॅमच्या आतलं काहीही पायावर पडलं तरी फारसं बिघडत नाही.

## टप्पा ३: टांगणी

दोरा खिळ्याला नुसता गुंडाळला की झोक्याबरोबर तो खिळ्यावर थोडा सुटतो, थोडा गुंडाळला जातो. म्हणजे लांबी सतत बदलत राहते. मुलांना हे दिसत नाही, त्यांना फक्त तीन वेळा तीन वेगळी उत्तरं मिळतात.

उपाय सोपा आहे. दोन आइस्क्रीम-काड्यांच्या मध्ये दोरा दाबा आणि काड्या चिमटा-क्लिपेने घट्ट करा. आता दोरा काड्यांच्या खालच्या कडेलाच वळतो, ती जागा ठाम राहते. लांबी बदलायची असेल तर क्लिप उघडायची, दोरा वर ओढायचा, परत बंद करायची. गाठी सोडत बसायला नको.

काड्या कुठे बांधायच्या? बाकाची उंची पाऊण मीटरच्या आसपास असते, त्यामुळे मीटरभर दोलक बाकावरून लटकत नाही. खिडकीचे गज सगळ्यात सोयीचे. दाराची चौकट चालते. टेबलावर एक काठी बाहेर काढून तिच्या आतल्या टोकावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला तरी जमतं, पण काठी हलता कामा नये. उंची खरोखरच नसेल तर पुढे जिथे २५ आणि १०० सेंटिमीटर म्हटलं आहे तिथे १६ आणि ६४ घ्या. प्रमाण तेच राहतं. फक्त १६ सेंटिमीटरचा झोका इतका भरभर होतो की मोजणाऱ्याला आधी सराव द्यावा लागतो.

तपासा: नट बाजूला ओढून सोडा आणि टांगणीकडे पाहा, नटाकडे नाही. टांगणी डुलत असेल तर आधी ती पक्की करा.

तपासा: पंखे बंद. हे दर तासाला कोणीतरी विसरतं, मीही विसरलो आहे.

## टप्पा ४: लांबी कुठून कुठे

दोलकाची लांबी म्हणजे दोऱ्याची लांबी नव्हे. ती काड्यांच्या खालच्या कडेपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची. नट लटकवलेल्या स्थितीतच मोजायची. टेबलावर दोरा पसरून मोजला की गाठीत आणि ताणात काही मिलिमीटर जातात.

हा फरक किरकोळ वाटतो. मीटरभर लांबीत एखाद सेंटिमीटरने खरंच फार बिघडत नाही. पण २५ सेंटिमीटरच्या दोलकात क्लिप आणि अर्धा नट मिळून सव्वा सेंटिमीटर सुटला तर तो थेट ५ टक्क्यांचा फरक असतो. लहान लांबीची उत्तरं नेहमी वाकडी येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

## टप्पा ५: गटातली कामं

पाच मुलं, पाच कामं: नट सोडणारा, वेळ घेणारा, लिहिणारा, लांबी तपासणारा आणि पहारेकरी. पहारेकऱ्याचं काम एवढंच की झोका सरळ रेषेत चालला आहे का ते पाहायचं. नट लंबगोल फिरायला लागला की त्याने ‘थांबा’ म्हणायचं आणि ती मोजणी रद्द करायची. हा अधिकार गटातल्या सगळ्यात शांत मुलाला द्या, मजा बघा.

प्रत्येक बदलानंतर कामं फिरवा. नाहीतर ज्याचा मोबाइल, तोच तीनही तास घड्याळ धरून बसतो आणि अक्षर चांगलं म्हणून एक मुलगी नुसती लिहीत राहते.

## टप्पा ६: अंदाज, आणि तोही लेखी

घड्याळ हातात देण्याआधी तीन प्रश्न विचारा:

१. नट जड केला तर एका झोक्याला लागणारा वेळ वाढेल, कमी होईल, की तेवढाच राहील?
२. नट जास्त लांब ओढून सोडला तर?
३. दोरा लांब केला तर? आणि एका झोक्याचा वेळ बरोबर दुप्पट करायचा असेल तर दोरा किती पट लांब करावा लागेल?

उत्तरं चिठ्ठीवर, नाव घालून. मग डोळे मिटून हात वर करायला सांगा आणि फळ्यावर आकडे मांडा: वाढेल इतके, कमी होईल इतके, तेवढाच इतके. डोळे मिटायचे ते अशासाठी, की उघडे असले तर सगळा वर्ग पहिल्या नंबरच्या मुलाचा हात बघून हात वर करतो.

फळ्यावर आकडे मांडताना तुमचा चेहरा कोरा हवा. ‘अस्सं?’ म्हणून भुवई उचललीत तरी मुलं चिठ्ठी खोडतात.

आणि प्रश्नाचे शब्द जपा. ‘कुठला झोका जास्त वेळ चालेल?’ असं विचारलंत की घोटाळा झालाच. मुलं ‘एका झोक्याला लागणारा वेळ’ आणि ‘थांबेपर्यंत झुलत राहण्याचा वेळ’ या दोन्हींना ‘वेळ’च म्हणतात. हलका नट हवेमुळे लवकर थांबतो, त्यावरून ‘हलका लवकर होतो’ असा निष्कर्ष वहीत उतरतो. प्रयोग बरोबर, मोजणी बरोबर आणि निष्कर्ष चूक. मी हे दरवर्षी निदान दोन गटांत पाहतो. म्हणून सुरुवातीलाच एकदा करून दाखवा: नट उजवीकडून निघाला, डावीकडे गेला, परत उजवीकडे आला, हा एक झोका. आपल्याला याचा वेळ हवा आहे. तो कधी थांबतो याच्याशी आज देणंघेणं नाही.

## टप्पा ७: मोजायची तालीम

हा टप्पा सविस्तर लिहितो, कारण वर्गातल्या निम्म्या चुका इथे होतात.

आधी एकच झोका मोजू द्या. हो, मुद्दाम चुकीच्या पद्धतीने. मीटरभर दोलकाचा एकच झोका प्रत्येक गटाने पाच वेळा मोजायचा. १.७, २.३, १.९, २.२ असं काहीही येईल. मुलं एकमेकांवर ओरडतील. मग विचारा, की बटण दाबायला ०.२ सेकंद उशीर झाला तर २ सेकंदांच्या मोजणीत तो किती मोठा? दहावा हिस्सा. आणि २० झोके एकदम मोजून शेवटी २० ने भागलं तर? तोच ०.२ वीस झोक्यांत वाटला जातो, एकेकाच्या वाट्याला ०.०१ येतो. ‘२० झोके मोजा’ ही सूचना पुस्तकातून आली की मुलं ती पाळतात. स्वतःच्या वाकड्या आकड्यांतून आली की ती त्यांना पटते.

शून्यापासून मोजा. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. नट सोडताना मूल ‘एक’ म्हणतं. ‘वीस’ म्हणेपर्यंत झोके एकोणीसच झालेले असतात. यावर उलटी गिनती चालते. नट सोडल्यावर दोन-तीन झोके तसेच जाऊ द्यायचे. मग नट ठरलेल्या खुणेवरून जाताना दर झोक्याला म्हणायचं: ‘तीन… दोन… एक… शून्य’. शून्याला बटण, पुढे ‘एक, दोन…’ आणि ‘वीस’ला परत बटण. नुसतं ‘शून्यापासून मोजा’ असं सांगून उपयोग होत नाही, उलट्या गिनतीने शून्य आपोआप तोंडात येतं.

खूण मध्यावर हवी. भिंतीवर किंवा जमिनीवर, नट स्थिर असताना जिथे असतो तिथे, खडूची उभी रेघ मारा. बरीच मुलं टोकाला, नट वळतो तिथे, बटण दाबतात. टोकाला नट क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे नेमका कधी वळला ते कळत नाही. मध्यावर तो सगळ्यात वेगात असतो आणि रेघ झटकन ओलांडतो. फक्त एक पथ्य: मध्यावरून नट एका झोक्यात दोनदा जातो. त्यामुळे डावीकडून उजवीकडे जातानाच मोजायचं, परतताना गप्प.

ज्याच्या हातात घड्याळ, त्यानेच मोजायचं. एकाने ‘वीस’ ओरडायचं आणि ते ऐकून दुसऱ्याने बटण दाबायचं ही पद्धत सोडा. ऐकून दाबण्यात उशीर होतो. स्वतः तालात मोजणाऱ्याचा अंगठा बरोबर ठेक्यावर पडतो, टाळ वाजवणाऱ्याचा पडतो तसा.

सोडा, ढकलू नका. नट बोटाने हलकेच ओढून धरायचा, दोरा ताठ, आणि बोट सरळ काढून घ्यायचं. ढकलला की तो लंबगोल फिरणारच. तरीही सरळ जात नसेल तर दोरा दुहेरी करून दोन टोकं हातभर अंतरावर बांधा आणि नट मध्ये लटकवा, पाळण्यासारखा. मग तो पुढे-मागेच हलतो. अशा वेळी लांबी म्हणजे तिरक्या दोऱ्याची लांबी नव्हे. वरच्या आडव्या रेषेपासून नटाच्या मध्यापर्यंतचं सरळ उभं अंतर.

तपासा: एकाच मांडणीवर तीन मोजण्या घ्या. तिन्हींत अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक असेल तर तो गट पुढे जाणार नाही. बाकीचे गट पुढे गेले तरी चालेल.

माझा पहिला तास इथेच संपतो, आणि तो तसा संपू द्यावा. एका तासात सगळं उरकायचा हट्ट केला की तालीम कापली जाते आणि मग पुढचे सगळे आकडे फुकट. एकच तास मिळणार असेल तर आठव्या टप्प्यातला मधला बदल, म्हणजे किती ओढायचं तो, गाळा.

## टप्पा ८: एका वेळी एकच बदल

### आधी वजन

लांबी १०० सेंटिमीटर, नट १० सेंटिमीटर बाजूला ओढून सोडायचा. आधी एक नट, मग दोन, मग चार.

वजन आधी घ्यायचं कारण असं, की बहुसंख्य मुलांचा अंदाज इथेच चुकतो. तीन वेळा ४०.१, ४०.२, ४०.१ असं आल्यावर वर्गात जी कुजबुज होते ती लांबीच्या प्रयोगाने कधी होत नाही.

सावधान: नट एकाखाली एक साखळीसारखे लटकवू नका. ही चूक शिक्षकही करतात. चार नट एकाखाली एक आले की वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजे दोलक लांब होतो आणि वेळ खरोखरच वाढतो. मग ‘जड झोका हळू’ हे चुकीचं मत प्रयोगानेच पक्कं होतं. कागदाची क्लिप उलगडून आकडा करा आणि चारही नट त्याच आकड्यात शेजारीशेजारी अडकवा. प्रत्येक वेळी लांबी पुन्हा मोजा.

‘असं का?’ हा प्रश्न येईल. थोडक्यात सांगा: जड नटाला पृथ्वी जास्त जोराने ओढते, पण तो हलवायलाही तेवढाच जास्त जड असतो, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो. उंचावरून सोडलेले लहान-मोठे दगड एकदमच पडतात त्याचंही कारण हेच. याहून जास्त आज नको.

### मग किती ओढायचं

तोच नट, तीच लांबी. १० सेंटिमीटर ओढून, मग २० सेंटिमीटर ओढून. फरक घड्याळाला कळण्याइतकाही नसतो, २० झोक्यांत ०.१ सेकंदाच्या आसपास.

इथे बरेच शिक्षक ‘ओढण्यावर काहीच अवलंबून नसतं’ असं वाक्य लिहून देतात. ते अर्धंच खरं आहे. एखादं चळवळं मूल नट खांद्यापर्यंत ओढतं आणि त्याचा वेळ जास्त येतो. त्याला ‘नीट कर’ म्हणून गप्प करू नका, त्याचं बरोबर असतं. मीटरभर दोलक ३० अंशांतून सोडला तर झोक्याचा वेळ सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना सुमारे ७ टक्क्यांनी. ‘झोका लहान असेल तोवर फरक पडत नाही’ असं लिहून घ्या. मीटरभर दोऱ्याला २० सेंटिमीटरची मर्यादा पाळली की पुरे. दोरा लहान केलात की ओढही त्याच प्रमाणात कमी करायची: २५ सेंटिमीटरला ५.

### शेवटी लांबी

२५, ५०, ७५ आणि १००. प्रत्येक लांबीला तीन मोजण्या.

तुमच्यासाठी, २० झोक्यांचा अपेक्षित वेळ:

| लांबी (सेंटिमीटर) | २० झोके (सेकंद) | एक झोका (सेकंद) |
|---|---|---|
| १६ | १६.१ | ०.८० |
| २५ | २०.१ | १.०० |
| ५० | २८.४ | १.४२ |
| ६४ | ३२.१ | १.६१ |
| ७५ | ३४.८ | १.७४ |
| १०० | ४०.१ | २.०१ |

क्रम २५, ५०, ७५, १०० असाच ठेवा आणि ५० नंतर थांबा. चिठ्ठीवर बहुतेकांनी लिहिलेलं असतं की वेळ दुप्पट करायला दोरा दुप्पट लागेल. आता दोरा दुप्पट झाला, पण २० चे ४० झाले नाहीत, २८ झाले. ‘मग चाळीस कधी होणार?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. १०० सेंटिमीटरला ४० दिसतात तेव्हा चौपटीची गोष्ट त्यांनी स्वतः शोधलेली असते.

## टप्पा ९: वही आणि फळा

वहीत पेनाने लिहायचं, खोडरबर जप्त. चुकलेला आकडा एका आडव्या रेघेने कापायचा, खाली काय होतं ते दिसलं पाहिजे, आणि शेजारी कारण: ‘नट भिंतीला लागला’, ‘मोजणी चुकली’. कारण नसेल तर आकडा कापायचा नाही, कितीही वाकडा असला तरी.

लिहायचा तो २० झोक्यांचा पूर्ण वेळ. भागाकार नंतर, वेगळ्या रकान्यात. मुलं तोंडी भागून फक्त २.०१ लिहितात, आणि मग चूक कुठे झाली ते शोधायला काही उरत नाही. घड्याळ ४०.१३ दाखवतं म्हणून ४०.१३ लिहू नये. अंगठ्याचीच चूक ०.१-०.२ सेकंदाची असताना शेवटच्या अंकाला अर्थ नाही. ४०.१ पुरे.

मग १०० सेंटिमीटरचे सगळ्या गटांचे वेळ फळ्यावर एका आडव्या रेषेवर टिंबांनी मांडा. बहुतेक टिंबं ४० भोवती गोळा होतील आणि एक-दोन लांब पडतील. लांब पडलेल्या गटाला ओशाळं करू नका. उलट त्यांच्या आकड्यावरून चूक ओळखण्याचा खेळ करा:

- वेळ बरोबर २ सेकंदांनी कमी: ‘एक’पासून मोजलं, झोके १९ झाले.
- वेळ २ सेकंदांनी जास्त: एक झोका मोजायचा राहिला.
- वेळ निम्मा, २० च्या आसपास: मध्यावरून जाताना दोन्ही बाजूंनी मोजलं.
- तिन्ही मोजण्या एकमेकींशी जुळतात, पण बाकीच्यांपेक्षा अर्ध्या-पाऊण सेकंदाने वेगळ्या: लांबी चुकली. २ सेंटिमीटर जास्त असेल तर ०.४ सेकंद वाढतात.
- तिन्ही मोजण्या तीन दिशांना: टांगणी ढिली, किंवा झोका लंबगोल.
- तिन्ही मोजण्या अगदी एकसारख्या, दशांशापर्यंत: शेजारच्या गटाची वही बघा.

या खेळात मुलं दोलकापेक्षा जास्त शिकतात असं माझं मत झालं आहे. मोजलेल्या आकड्यात चूक कशी लपते, आणि ती आकड्यावरूनच कशी पकडता येते, हे त्यांना इतर कुठल्या पाठात फारसं भेटत नाही.

यानंतर चिठ्ठ्या परत द्या. अंदाजाला गुण नाहीत, बरोबर आला म्हणूनही नाही. प्रत्येकाने चिठ्ठीच्या मागे लिहायचं: मला काय वाटलं होतं, काय झालं. ‘दोलनकाल’, ‘आयाम’ (मध्यापासून नट किती दूर जातो ते) हे शब्द आता फळ्यावर येऊ द्या.

## टप्पा १०: आलेख आणि गुरुत्व त्वरण (नववी-दहावी)

आधी लांबी आडवी आणि दोलनकाल उभा घेऊन आलेख काढा. रेघ वाकलेली येते. मुलं पट्टी लावून ती सरळ करायला बघतील, करू देऊ नका. मग दोलनकालाचा वर्ग करा: १.०, २.०, ३.०, ४.०. आता तीच टिंबं सरळ रेषेत येतात आणि रेघ शून्यातून जाते.

ती शून्यातून न जाता थोडी वर-खाली गेली तर लांबीच्या मोजणीत नेहमीचाच घोळ आहे, म्हणजे सगळ्याच लांब्या नटाच्या वरच्या कडेपर्यंत मोजल्या असतील. चौथा टप्पा परत वाचून घ्या.

मग हिशेब: लांबी मीटरमध्ये घ्या, तिला ३९.५ ने गुणा आणि दोलनकालाच्या वर्गाने भागा. (३९.५ म्हणजे π, म्हणजे ३.१४, याच्या वर्गाची चौपट.) १ मीटर आणि २.०१ सेकंद घेतले तर ९.७८ येतं. ९.६ ते १०.० मधलं काहीही आलं तर त्या गटाने चांगलं काम केलं आहे.

१०.९ आलं तर झोके १९ मोजलेत. दोलनकालाचा वर्ग होतो, त्यामुळे तिथली ५ टक्क्यांची चूक उत्तरात जवळजवळ दुप्पट होऊन बसते. आणि नेमकं ९.८० आलं तर अभिनंदन करण्याआधी मूळचा २० झोक्यांचा वेळ विचारा. तो सांगता आला नाही, तर हिशेब उलटा झालेला आहे.

## पुढे काय देता येईल

घरी करायला दोन गोष्टी. एक, बागेतल्या किंवा अंगणातल्या झोपाळ्यावर मित्राला बसवून १० झोक्यांचा वेळ घ्यायचा, मग त्याच्या शेजारी आणखी एकाला बसवून. नंतर एकट्याला उभं करून. दोघं बसले तरी वेळ जवळपास तोच राहतो. उभं राहिलं की कमी होतो, कारण अंगाचा मध्य वर सरकतो, म्हणजे दोलक आखूड होतो. उभ्याने घेताना झोका अगदी लहान आणि मोठं माणूस जवळ हवं.

दोन, कोणाच्या घरी लंबकाचं घड्याळ असेल तर लंबकाच्या खालचं लहान चाक पाहायचं. ते फिरवलं की लंबकाचा जड गोळा वर-खाली सरकतो. उन्हाळ्यात दांडा किंचित लांबतो. पोलादी दांडा असेल आणि तापमान २० अंशांनी वाढलं तर घड्याळ दिवसाला साधारण १० सेकंद मागे पडतं. चाक कुठल्या बाजूला फिरवायचं, ते मुलांनी विचार करून सांगावं.

## आवरताना

दोरे गुंडाळी करून डब्यात टाकू नका, पुढच्या वर्षी निम्मा तास गुंता सोडवण्यात जातो. प्रत्येक गटाचा दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, काड्या आणि क्लिप त्यालाच लावा, नट मोजून परत घ्या. चार दिले असतील तर चारच. वर्गातले नट फार लवकर सायकलींना लागतात.